साबणाची डबी वाजली नाही

८ नोव्हेंबर, सोमवार
डबी वाजलीच नाही!
मी बाहेर आरशापुढे दाढी करत होतो. आत ही आंघोळीला. नळ वाजला, बादली सरकली, मगाने पाणी पडलं — पण साबणाच्या डबीचं टोपण टक्कन वाजतं, ते काही वाजलं नाही. माझ्या कानांना फसवणं कठीण. आमच्या साबणाच्या कारखान्यात कढई कुठवर आली ते मी दारातूनच सांगतो, नुसत्या रटरटीवरून.
नव्या लॉटची पहिली वडी हिच्या हाती द्यायची, हिनं आंघोळ करून येऊन "चालेल" म्हणायचं, मग माल भरायचा — लग्नानंतरच्या पहिल्या लॉटपासून हेच चालत आलंय. आजही केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "चालेल."
जाऊन पाहिलं. वडी कोरडी ठणठणीत. वरचा छापसुद्धा शाबूत!

९ नोव्हेंबर, मंगळवार
मुकादमानं विचारलं, "काय म्हणाल्या वहिनी?" म्हटलं, "चालेल म्हणाली." यात खोटं काही नव्हतं. तो लगेच, "मालक, अजून जरा वाळू द्या." दर वेळचं तुणतुणं! मी पास म्हटलं, की याला वाळवायचं सुचतं. आज मात्र बरं वाटलं.

११ नोव्हेंबर, गुरुवार
मेहुणी आली होती. मी व्हरांड्यात पेपर वाचत होतो — म्हणजे पेपर धरून बसलो होतो. स्वयंपाकघराची खिडकी उघडी.
"पाळी गेल्यापासून कातडं कसं कागदासारखं झालंय बघ," ही सांगत होती. "पिंडऱ्या, पाठ... साबण लागला की आग नुसती."
"मग सांग की भावोजींना!"
"काय सांगू? साबणवाल्याची बायको साबणानंच खाजवत बसते म्हणून?"
दोघी हसल्या. मेहुणी जरा जास्तच हसली. मी पेपरचं पान उलटलं — उगीच, आवाज व्हावा म्हणून.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार
चहा देताना गाऊन जरा वर झाला. पिंडरीवर नखांचे लाल ओरखडे. आणि मी म्हणे तीक्ष्ण कानांचा! डोळे कुठे होते?

१५ नोव्हेंबर, सोमवार
सरळ सांगितलं असतं तर आली नसती. म्हटलं, "माझ्या टाचा फुटल्यात, त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय, सोबत चल." आली. आत गेल्यावर हिलाच खुर्चीत बसवलं. असे डोळे वटारले माझ्यावर!
डॉक्टरीणबाई चटपटीत. "या वयात होतंच हे. पाळी थांबली की अंगातली काही द्रव्यं कमी होतात, त्वचा पातळ होते, तिचं तेल आटतं. साबण कोणता वापरता?"
ही माझ्याकडे बघेना.
"माझा," मी म्हटलं.
"म्हणजे?"
"म्हणजे मीच करतो."
बाई खळखळून हसल्या. मग म्हणाल्या, "तुमचा असो की कुणाचा — भरपूर फेस, भरपूर सुगंध, दोन्ही आता बंद."
आमच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत ह्याच दोन गोष्टी छापल्यात!
बाकी सांगितलं ते असं — पाणी कोमट, कढत नाही. आंघोळ आटोपशीर. अंग घासून पुसायचं नाही, टिपायचं. ओल आहे तोवरच मलम लावायचं. बाहेर पडताना उन्हाचं क्रीम, आणि ते नुसतं तोंडाला नाही — मान आणि हातसुद्धा. एवढं करून खाज राहिली तर परत या.
टाचांची मी आठवण केली. म्हणाल्या, "तुम्हीही तेच मलम लावा."

१६ नोव्हेंबर, मंगळवार
बिनवासाचं, बिनफेसाचं अंग धुण्याचं औषध आणायला गेलो. दूरच्या दुकानात, टोपी घालून. औषधवाला म्हणतो, "शेठ! तुम्ही? आणि हे?" म्हटलं, "धंद्यात दुसऱ्याचं बघावं लागतं."

१९ नोव्हेंबर, शुक्रवार
पाठीच्या मधोमध हिचा हात पोचत नाही. ते खातं माझ्याकडे आलंय.
"अहो, कढई घोटताय का? हलक्या हातानं!"
खाज पुष्कळ उतरलीय. पिंडऱ्यांवरचे ओरखडे वाळले. मी हळूच दोन बोटं मलम टाचांना लावलं, तर — "माझ्या डबीत बोटं घालायची नाहीत!" म्हणजे तब्येत ठीक आहे.
मग मलमाची डबी बंद करत म्हणाली, "तुमच्या लॉटला आता माझं कातडं काही कामाचं नाही." डोळ्यांत पाणी.
मी हसण्यावारी नेलं. "एका 'चालेल'साठी एवढं काय मनाला लावून घेतेस!"
ती बघत राहिली माझ्याकडे.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार
दुकानदारांचे फोनवर फोन. लॉट अजून रॅकवरच! मुकादमाला झाडलं — "वाळून दगड झाला माल, भरत का नाहीस?"
तो पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिला.
"मालक... वहिनींचा फोन नाही आला."
"कसला फोन?"
"दर लॉटला येतो. तुम्ही घरातून निघालात की. अंग ओढतंय, अजून वाळू दे म्हणतात. कधी म्हणतात, पुन्हा वितळव, तेल वाढव. या खेपेला आलाच नाही, तर मी भरू कशाच्या जोरावर?"
"अरे, पण मला तर चालेल म्हणते!"
"ते तुमच्यासाठी असतं, मालक."

२७ नोव्हेंबर, शनिवार
"शेठ, तुमच्या साबणानं अंग ओढत नाही बघा," असं लोक म्हणायचे. मी मिशीत हसून सांगायचो — शून्यातून उभं केलंय, एकट्यानं!
कारखान्याच्या पाटीसाठी रंगाऱ्याला बोलावलं. पाटीवर एकच नाव मावतं म्हणाला. म्हटलं, मग आधी माझं खरवडून काढ.