दादांच्या माशाचं एकटेपण

वन्संना वहिनीचा सप्रेम नमस्कार.

तुमच्या नावाआधी काय लिहावं या विचारात माझा सकाळचा चहा गार झाला. ‘चि. कु.’ लिहावं तर तुम्हांला पन्नासावं लागलं, ‘सौ.’ लिहायची सोय नाही आणि ‘श्रीमती’ लिहिलं की उगीच कुणीतरी वारल्यासारखं वाटतं. शेवटी नुसतं ‘वन्सं’ लिहिलं. तेवढं नातं पक्कं आहे, बाकीचं तुमच्या दादांनी पक्कं करायला घेतलंय, त्यावर पुढे येतेच. तब्येत कशी आहे? छापखान्यातली मुद्रितं तपासून डोळे अजून दुखतात का? (या पत्रातल्या चुका लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवू नका. मागच्या पत्रात तेवीस काढल्या होत्यात. मी मॅट्रिक झाले तेव्हा एवढे नियम नव्हते.) इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक. दादांचे गुडघे बरे आहेत, माझं पित्त आपल्या जागी आहे, आणि मासे दोन झाले आहेत.

हो, दोन. तुम्ही आला होतात तेव्हा एकच होता. दादा निवृत्त झाले आणि त्यांना हुकूम सोडायला कुणी उरलं नाही (मी आहे, पण मी ऐकून घेते आणि माझ्या कामाला लागते), म्हणून त्यांनी काचेच्या पेटीसकट तो समुद्राचा मासा आणला. बोटाएवढा, नारिंगी, अंगावर तीन पांढरे पट्टे. नाव ठेवलं साहेब. बत्तीस वर्षं कचेरीत दुसऱ्यांना साहेब म्हटलं, आता घरच्या साहेबाला चिमटीने भरवतात. गोड्या पाण्यातला मासा आणला असता तर नळ घरचाच होता. पण नाही, यांना खारा हवा. त्याच्यासाठी दुकानातून वेगळं मीठ आणायचं, ते बादलीत ढवळायचं, काचेच्या नळीने पाण्याचा खारटपणा मोजायचा. (मोजलं पहिले चार दिवस. पुढे ती नळी चष्म्याच्या घरात गेली.) माझ्या हातच्या स्वयंपाकातलं मीठ इतक्या काळजीने कधी कुणी पाहिलं नाही.

तर तुम्ही परत गेलात आणि आठवड्याभरात साहेब मलूल झाला. खाणं टाकलं, कोपऱ्यात तळाशी बसून राहिला. दादा खुर्ची ओढून समोर बसले. दोन दिवस दोघं एकमेकांकडे बघत होते, आणि तिसऱ्या दिवशी निदान झालं, एकटेपणा! “अगं, दिवसभर त्याच्याशी बोलायला आहे कोण?” म्हणाले. मी म्हटलं, माझ्याशी तरी कोण आहे? ते त्यांना ऐकू गेलं नाही, लक्ष माशाकडे होतं.

उठले आणि दुकानातून दुसरा घेऊन आले, साहेबाच्या निम्म्या आकाराचा. दुकानदाराने बजावलं होतं की आधी निम्मं पाणी काढा, नव्या मिठाचं ताजं पाणी भरा, मगच याला सोडा. दादांनी तसं केलं, आणि खोटं कशाला बोलू, संध्याकाळी साहेब उठून हिंडायला लागला. दुसऱ्या दिवशी खाल्लंसुद्धा. दादांना आनंद मावेना. शेजारच्या शिंपीणबाईंना हातातलं काम टाकायला लावून दाखवायला आणलं. “बघा, जोडीदार मिळाला आणि जिवात जीव आला!” त्याच दिवशी जेवताना ते हातातला घास तसाच धरून थांबले आणि म्हणाले, “आपली धाकटीसुद्धा आली होती तेव्हा अशीच कोपऱ्यात बसून होती, नाही का गं?”

वन्सं, मला घाम फुटला. का, ते नंतर सांगते.

आठ दिवसांत स्थळ हजर. दादांच्या कचेरीतले, दप्तरखाना सांभाळायचे ते. विधुर, दुमजली घर, दात स्वतःचे (हे दादांनी विचारून घेतलं). चहाला पाऊण तास बसले, त्यातला अर्धा तास माशांकडे पाहण्यात गेला. अपेक्षा काय आहेत असं मी विचारलं तर म्हणाले, “छे हो, अपेक्षा कसल्या! घरात काहीतरी हलताना दिसलं की बरं वाटतं.” यांना तुमची गरज नाही, यांना दुकानाचा पत्ता हवा. मी कागदावर लिहूनही दिला. दादांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

इकडे साहेबाच्या अंगात ताकद आली आणि त्याने जोडीदाराला फोडून काढायला सुरुवात केली. तो बिचारा पेटीतल्या हवेच्या पंपाच्या मागे संसार करतो. साहेब समोर आला की अंगभर थरथरतो. दादांना वाटलं झटका आला, चपला उलट्यासुलट्या घालून दुकानात पळाले. दुकानदार म्हणाला, “काका, झटका नाही तो. ‘तुम्ही म्हणाल तसं’ असं म्हणतोय. तसं म्हटलं की मार कमी बसतो.” दादा खूश. म्हणाले, बायकोने एवढं नमतं घ्यावंच. तेव्हा दुकानदाराने पुढचं सांगितलं. या जातीत सगळे जन्माला नर म्हणूनच येतात. दोघांत जो मोठा आणि दांडगा, त्याची पुढे मादी होते. थरथरतो तो नवरा.

दादा घरी आले ते कुणाशी न बोलता आडवेच झाले. साहेबाला हाक मारणं बंद झालं. मी ‘बाईसाहेब’ म्हणते, आणि ती येते. देवाच्या करणीला नावं ठेवू नयेत, असं मी दादांना समजावलं. (तोंडाला पदर लावून.)

हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर मी टिपून ठेवलं आहे. सोमवारी तीन चावे, मंगळवारी दोन, गुरुवारी शेपटीचा तुकडा. ते पान दादांपुढे धरून विचारलं, एकटा होता तेव्हा चावे किती? तर म्हणाले, “सुरुवातीला असं होतंच. आपलं नाही का झालं?” आपल्यात चावत कोण होतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

असो. स्थळाची माहिती गोड शब्दांत लिही, बायकांचं बायकांना पटतं, अशी मला आज्ञा होती. माहिती वर आली आहे, गोडाचं तुम्ही बघून घ्या. देव तुम्हांला योग्य ती बुद्धी देवो, आणि तुमच्याकडे आधीच असली तर ती दादांना देवो.

तुमची,
वहिनी

ता. क. रविवारी अकराच्या सुमाराला दादा आणि दप्तरखानेवाले तुमच्या दारात उभे राहणार आहेत, न कळवता, ‘सहज’. कुलूप घालून बाहेर पडा. ओसरीवर खुर्ची ठेवू नका, दादा वाट बघत बसतील.

आणखी एक ता. क. साहेब मलूल झाला तो एकटेपणाने नव्हे. खिडकीतल्या उन्हाने पेटीतलं पाणी रोज बोटभर उतरायचं. खारं पाणी कमी झालं म्हणून मी रोज खारंच पाणी घालत गेले, आणि दुकानातलं मीठ महाग म्हणून स्वयंपाकघरातल्या डब्यातलं. पाण्याची वाफ होते, मीठ मागे राहतं, हा प्रश्न मला मॅट्रिकला आला होता. मी बरोबर लिहिला होता. दादांना यातलं काही सांगितलेलं नाही. देवाला सांगितलं, त्याने तुम्हांला सांगायला सांगितलं.

हा शेवटचा. तुम्ही कोपऱ्यात का बसून होतात, तेही मला ठाऊक आहे. न्हाणीघराच्या दारावर ‘गरम पाणी माणशी एक बादली’ ही चिठ्ठी मी तुम्ही यायच्या आदल्या दिवशी लावली होती. तुम्ही ती वाचलीत आणि पाच दिवस कुणाशी धड बोलला नाहीत. चिठ्ठी काढली आहे. तिचा डाग दारावर राहिला आहे, तो जात नाही. तेव्हा रविवारी घराला कुलूप घालाल ते इकडे यायलाच घाला. दादा तुमच्या दारात बसू देत, आपण दोघी इथे बसू. पाणी तापवून ठेवते. दोन बादल्या. डोकं धुणार असाल तर तिसरी.