धाकटीचा पेपर आणि माझी प्रस्तावना

२ फेब्रुवारी
विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने धाकट्या बहिणीचा पेपर चर्चासत्रासाठी घेतला. विषय : तत्त्वज्ञानात ज्यांचं बोलणं कुणी ऐकतच नाही, अशी माणसं. अपंग, गरीब, हलकी लेखलेली. श्रेय कुणाचं, यावर मी काही लिहिणार नाही. तिला या विषयाची गोडी मी लावली, एवढंच नोंदवतो. शाळा अर्धवट सोडून मी फोटो फ्रेमिंगचं दुकान काढलं खरं, पण विभागातल्या झाडून सगळ्या रिटायर्ड प्राध्यापकांना काच मीच लावली आहे. काच लावता लावता त्यांची पुस्तकंही वाचली. कुणी शिकवलं नाही.

काळजी एकच. धाकटी लहानपणापासून अडखळत बोलते. एकेक शब्द घशाशी येऊन थांबतो. पेपरला वेळ वीस मिनिटं. तेवढ्यात तिचं पहिलं पानही होणार नाही. मग लोक म्हणणार, विचारच कच्चा आहे. इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी.

संकल्प : तिची वाक्यं आपण पुरी करायची नाहीत.

३ फेब्रुवारी, सकाळ
संकल्प चहापर्यंत टिकला. दादा, मला जरा, असं म्हणून ती अडली. मी म्हणालो, साखर, आणि डबा पुढे केला. मागाहून कळलं की तिला खिडकी उघडून हवी होती. पण साखर घेतली तिने. म्हणजे मनात कुठेतरी साखर होतीच.

बायको म्हणाली, अहो, बोलू द्या की तिला, गाडी सुटतेय का आपली? बायकोला संवादाचं शास्त्र ठाऊक नाही. ऐकणाऱ्याने हातभार लावायचा असतो.

६ फेब्रुवारी
धाकटीला न सांगता विभागात जाऊन आलो. सरप्राइज. विभागप्रमुख बाईंकडे तिच्यासाठी जास्त वेळ मागितला. बाई म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा, यालाच तर न्याय म्हणतात, एकीला दिला तर बाकीचे आम्हाला खातील. बोलता बोलता त्यांच्या मागची फ्रेम सरळ केली. डावीकडून दोन मिलिमीटर उतरली होती. आमच्या दुकानचं काम नव्हे.

मग तोडगाही मीच काढला. पेपर तिचा, वाचणार मी. बाई इतक्या चटकन हो म्हणाल्या, की मला माझ्याच युक्तिवादाचं कौतुक वाटलं.

घरी येऊन सांगितलं. धाकटी नुसतं दादा म्हणाली आणि शब्द अडला. मी म्हणालो, वेडी, घरच्या माणसाचे कसले आभार. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदाचं.

९ फेब्रुवारी
दुकानात पेपर मोठ्याने वाचून पाहिला. आवाज खणखणीत लागला. चौदा मिनिटांत आटोपतो, सहा शिल्लक राहतात. वाया कशाला घालवायची? प्रस्तावना मी करणार. विषय : चौकट. आयुष्यभर चौकटी केल्या, तेव्हा अधिकार आहे. शिवाय उपेक्षित मीही आहेच. मला डिग्री नाही. विभागातली माणसं अजून ओ फ्रेमवाले अशी हाक मारतात. हा अन्याय नाही तर काय?

एका गिऱ्हाइकाला प्रस्तावना ऐकवली. शेवटी म्हणाला, सगळं खरं, पण माझ्या आईच्या फोटोचं काय झालं? खोली म्हणून नाही लोकांत.

११ फेब्रुवारी
पेपर थोडा तासला. मूळ माल चांगला आहे, फिनिशिंग कमी. एक वाक्य होतं : जो ऐकून घेत नाही आणि स्वतःच बोलतो, तो दुष्ट असतोच असं नाही, बहुतेक वेळा तो प्रेमळच असतो. कुणाबद्दल आहे कोण जाणे. असेल एखादा प्राध्यापक. असली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. विनाकारण कुणाला लागायला नको, म्हणून काढून टाकलं.

प्रस्तावना आता नऊ मिनिटांची झाली आहे. पेपर आणखी तासावा लागेल.

१२ फेब्रुवारी
धाकटी दिवसभर माझ्याशी बोलली नाही. घसा जपत असावी. पण तिला कशाला जपायचा, वाचणार मी.

दुपारी ती आणि बायको बाहेर गेल्या, त्या थेट दिवेलागणीला आल्या. कुठे होतात, विचारलं. बायको म्हणाली, सरप्राइज काय तुम्हालाच देता येतं? कोटाला इस्त्री करून ठेवली आहे का, हेही विचारलं. तिने इस्त्री हातात दिली.

१४ फेब्रुवारी, संध्याकाळ
जे झालं ते क्रमाने लिहितो.

चर्चासत्राला पहिल्या रांगेत बसलो होतो, प्रस्तावना खिशात. विभागप्रमुख बाई उठल्या. म्हणाल्या, आमचा आधीचा निर्णय चुकला. परवा पेपरच्या लेखिका स्वतः येऊन माझ्याशी वाद घालून गेल्या. वादाला अख्खी दुपार लागली, शेवटी त्यांचं मला पटलं. पेपर त्या स्वतः वाचतील, लागेल तेवढा वेळ घेतील. जेवण उशिरा होईल. कृपया मध्ये कुणी शब्द पुरवू नये.

मी अर्धा उठलो होतो. खुर्ची सरळ केल्यासारखं करून बसलो.

धाकटी माइकपाशी गेली. पहिल्या वाक्यालाच इतका वेळ गेला, की मागे कुणीतरी खोकलं. एकाने घड्याळ पाहिलं. मग हळूहळू लोक खुर्चीत नीट टेकून बसले. घाई नाही म्हटल्यावर माणूस कसा बसतो, तसे. माझी मात्र पाठ टेकेना.

तेवढ्यात ती त्या वाक्यावर आली, मी काढलेल्या. म्हणजे वाचत होती मूळ प्रत. जो ऐकून घेत नाही आणि, एवढं म्हणाली आणि शब्द अडला. पुढचा शब्द मला पाठ होता. ती तिथे उभी, सगळे तिच्याकडे बघताहेत, माझ्याने बघवेना. उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो : स्वतःच बोलतो.

सगळा हॉल माझ्याकडे वळला. आधी एकजण हसला, मग सगळेच. बाई म्हणाल्या, फ्रेमवाले, बसा.

धाकटी हसली नाही. शांत होईपर्यंत थांबली आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू केलं. या खेपेला शेवटपर्यंत नेलं. प्रेमळ या शब्दावर सगळ्यात जास्त अडली. पेपर संपला तेव्हा लोक उभे राहिले. मीही राहिलो. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.

तीच संध्याकाळ, पुढे
घरी मी आधी पोचलो. धाकटी आणि बायको मागाहून आल्या. धाकटीच्या दोन्ही हातांत पिशव्या, बगलेत फुलं. मी दारातच उभा होतो.

दादा, म्हणाली आणि अडली.

या वेळी ठरवलं होतं. दात घट्ट दाबून धरले. आभार मानले तर काय म्हणायचं, तयार होतं. माफी मागितली तर त्याचंही उत्तर तयार होतं. मनात चार शब्द आले, चारही गिळले. बायको मागून टक लावून बघत होती. बराच वेळ गेला. पण मी एक अक्षर बोललो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

मग शब्द आला. म्हणाली, दादा, दारातून बाजूला हो.

झालो.