नक्कल

सोमवार, ३
आज रक्तपेढीत वेबसाइटच्या कामावर रुजू झालो. रस्त्याकडची खोली, खिडकीतून ऊन, खुर्ची कोरी करकरीत. संस्थेची वेबसाइट पाहिली आणि हसू आवरेना. वर सरकती अक्षरं, आणि 'रक्तदानासाठी नाव नोंदवा' हे बटण तळाशी तोंड लपवून बसलेलं! मी हे कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, स्वतः मोडतोड करून शिकलो. पण दोन पिक्सेलची चूक मला लांबून खुपते. संचालकबाई म्हणाल्या, आता तुम्हीच आमचा चेहरा. हिशेबनिसानं विचारलं, मग चेहऱ्यावर थोडं हसू मिळेल का? सगळे हसले. मी सोडून.

गुरुवार, ६
नवं मुखपृष्ठ झालं. बटण लाल, वर, अंगठ्याच्या टप्प्यात. खाली संपर्कासाठी माझा फोटो. बाईंना चाचणी हवी आहे: दोन पानं करायची, निम्म्या लोकांना हे दाखवायचं, निम्म्यांना ते, ज्यावर जास्त नावं येतील ते ठेवायचं. माझ्याशी बरोबरी कोण करणार? दुसरं पान म्हणून माझ्याच पानाची नक्कल टाकली. मला हरवायला मीच लागेन, असं हिशेबनिसाला ऐकवलंही. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी सकाळी अकराला हरलेलं पान आपोआप, कायमचं पुसलं जाईल, असा नियम लावून टाकला.

सोमवार, १०
दुसऱ्या पानावर जास्त नावं येताहेत. उघडलं. ही माझी नक्कल नव्हे. बटणाच्या वर एकच ओळ आहे: 'कुणीतरी आत्ता तुमची वाट पाहतंय.' पासवर्ड फक्त माझ्याकडे, मग ती लिहिली कुणी? त्याहून जास्त लागलं ते हे, की ती मला सुचली नाही. आणि फोटो. माणूस मीच, पण मनमोकळा हसणारा. असा फोटो मी कधी काढलेला नाही.

मंगळवार, ११
हिशेबनिसानं पाठीवर थाप मारली. कालचा विनोद फक्कड होता म्हणे. काल मी त्याच्याशी बोललोच नाही. नर्सनं मात्र दारातच अडवून विचारलं, कोण हवंय आपल्याला? निम्म्यांना मी दिसतो. निम्म्यांना तो.
जेवून आलो तर माझी खुर्ची गरम.

बुधवार, १२
घरी गेलो. बायको चकित. अहो, आत्ता तर चहा घेऊन गेलात, म्हणाली. किती वर्षांनी असे निवांत बसलात, असंही म्हणाली. आणि लाजली. या वयात! माझ्यासाठी नाही. अंगाचा तिळपापड झाला.

गुरुवार, १३
नियम काढायला एक क्लिक पुरे. पण काढला तर तो जिंकला असं होईल. नाही. हरवीनच त्याला. त्याची ओळ ढापून माझ्या पानावर डकवली — आकडा हलत नाही. त्याचं बटण मोजून पाहिलं. माझं दोन पिक्सेल तिरकं आहे. माझं —

शुक्रवार, १४
सकाळ. नमतं घेतलं, नियम काढायला बसलो. पासवर्ड चुकीचा म्हणतो.
बाईंनी नम्रपणे विचारलं, आपलं काय काम होतं?
बायकोला फोन केला. कोण बोलतंय म्हणाली. हे आत्ताच ऑफिसला निघाले, म्हणाली. आवाजात केवढं कौतुक —
जिन्यात सगळे हसताहेत. मध्ये माझा आवाज. माझ्याहून मोकळा.
अकराला थोडंच — खुर्ची सोडणार नाही — ही वही तरी माझी —
हे अक्षर माझं नाही. ओळी सरळ. वळण सुबक. माझ्यापेक्षा —