चौकटीवरची तिसरी खूण

प्रिय खारूताई,

हा चौथा कागद. आधीचे तीन फाडून केराच्या डब्यात टाकले, तर तुझ्या वहिनीने ते तुकडे बघून विचारलं, अण्णा, या वयात प्रेमपत्र कुणाला? मी हसलो आणि नवा कागद ओढला. दादा कामावर गेलाय, वहिनीही आत्ताच गेली, आणि या चौथ्या मजल्यावर मी एकटा या खोलीतून त्या खोलीत फेऱ्या मारतोय. दोन ओळी लिहितो, उठतो, पाणी पितो, खिडकी उघडतो, लावतो, परत येऊन बसतो. इतक्या उंचावर राहून माणसाने पुराची काळजी करावी म्हणजे विनोदच. पण आपलं घर तिकडे नदीकाठी आहे आणि तू त्यात राहतेस. तुझा फोन आल्यापासून मला धड जेवण जात नाहीये.

तू किती सहज सांगितलंस. रविवारी गल्लीची बैठक आहे, पूरविम्यावर ठरवायचंय, सगळ्या घरांनी मिळून घेतला तर हप्ता कमी बसतो, पण कुणालाच उत्साह नाही. आणि मग हसत म्हणालीस, अण्णा, आपल्या दाराच्या चौकटीवर आजोबांनी आणि तुम्ही कोरलेल्या पुराच्या खुणा आहेत ना, गुडघ्याच्या फारसं वर पाणी कधी आलंच नाही, मग दरवर्षी पैसे पाण्यात कशाला घालायचे? मी 'हं' म्हटलं. फक्त 'हं'. फोन ठेवल्यावर त्या 'हं'ची मला इतकी चीड आली की मी चपला घालून खाली गेलो आणि बाजारापर्यंत चालत गेलो. तिथे कशाला आलो ते आठवेना, म्हणून तसाच परत आलो.

दुसऱ्या दिवशी मी इथल्या विम्याच्या कचेरीत गेलो. तुला सांगितलं नाही, दादालाही नाही. तिथल्या बाई जाड चष्म्याच्या, बोलायला तुटक, पण माणूस चांगला. मी म्हटलं, घराचा विमा आहे की आमचा, त्यात सगळं येतं. त्या म्हणाल्या, कागद आणलाय? आणला होता. त्यांनी एका ओळीवर पेन्सिल ठेवली. आग येते, चोरी येते, घरातला नळ फुटला तर तेही येतं. नदी उंबरठा ओलांडून आत आली तर त्यात काही येत नाही, त्याचा विमा वेगळा. इतकी वर्षं तो कागद कपाटात होता आणि मी ती ओळ एकदाही वाचली नव्हती. शिवाय पूरविमा घेतला की लगेच लागूही होत नाही, महिनाभर थांबावं लागतं. नदी फुगलेली बघून घ्यायला धावलात तर उपयोग शून्य. आणि भिंतींचा वेगळा, आतल्या सामानाचा वेगळा, हे मुद्दाम विचारून घ्यायचं. तुझी बाइंडिंगची खोली, ती कापायची मशीन, खालच्या फळ्यांवर रचलेली, बांधणीला आलेली वाचनालयाची पुस्तकं, हे सगळं सामानात येतं. नुसता घराचा घेतलास तर भिंती उभ्या राहतील आणि तू रिकाम्या हाताने बसशील.

मी त्यांना म्हटलं, आमच्याकडे पुराच्या नकाशात लिहिलंय, शंभर वर्षांतून एकदा असं पाणी येतं, आणि ते येऊन गेलंय, म्हणजे आता आम्ही मोकळे. बाई चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, काका, पाणी काय पंचांग बघून येतं का? दरवर्षी शंभरात एक शक्यता, असा त्याचा अर्थ. येऊन गेलं तरी पुढच्या वर्षी परत तेवढीच. एका घरात तीस वर्षं राहिलात तर ते बघण्याची पाळी साधारण चारात एकावर येते. मी सुतार माणूस, चारात एक म्हणजे काय ते मला कळतं. चार फळ्यांतली एक किडकी आहे आणि कुठली ते माहीत नाही असं कळलं, तर मी त्या चारांवर माळा बांधणार नाही.

मग त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि विचारलं, आजवर घरात आलेलं सर्वात उंच पाणी किती? तोंडाने सवयीप्रमाणे सांगून टाकलं, गुडघ्याच्या जरा वर. त्या लिहायला लागल्या. मी म्हटलं, थांबा. त्या थांबल्या. मी म्हटलं, चष्मा घरी राहिला, नंतर येतो. चष्मा माझ्या नाकावरच होता. जिन्यात जाऊन बसलो आणि तो विम्याचा कागद पहिल्यापासून वाचला.

गल्लीचं काय चाललंय ते तू सांगितलंस तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर तेच येतंय. बेकरीवाल्याने नवी भट्टी आणली, तिचा चौथरा आपल्या तिसऱ्या खुणेच्या बरोबर चार बोटं वर बांधला आणि आता तो सगळ्यांना सांगतोय की माझा विमा म्हणजे हा चौथरा. मास्तरीणबाईंचे गुडघे गेले म्हणून त्यांनी पलंग माडीवरून खाली आणला. एकटी बाई, रात्री कानातलं यंत्र काढून ठेवते. त्यांनीही पलंग आणण्याआधी तुझ्याकडे येऊन खूण बघितली, हो ना? तू कौतुकाने सांगितलंस. आणि वरच्या अंगाला, वळणापलीकडे, जी वेताची दलदल होती ती भरून तिथे गोदामं उभी राहिली. ती दलदल पाणी पिऊन घ्यायची, खारू. आता ते सगळं पाणी फरशीवरून घसरत थेट तुमच्याकडे येणार. पूर्वी नदी चढताना आम्हाला अर्धा दिवस मिळायचा, आता किती मिळेल कुणास ठाऊक.

त्या मोठ्या पुराच्या वर्षी तू सहा वर्षांची होतीस. तुला फक्त माळ्यावर झोपल्याचं आणि तुझी आई गोष्टी सांगत होती तेवढं आठवतं. बाकी गल्ली आदल्या संध्याकाळीच रिकामी झाली होती. मी हट्टाने राहिलो, कारण खाली माझी हत्यारं आणि एका लग्नाचं तयार फर्निचर होतं. तुझ्या आईने मला सोडून जायला नकार दिला. सकाळी आम्ही दोघं जिन्यावर बसून पायऱ्या मोजत होतो. पहिली गेली, दुसरी गेली. तुझी आई प्रत्येक पायरीला माझा दंड दाबायची. पाचवी बुडाली आणि पाणी थांबलं. आठ दिवस ते घरात उभं होतं. ओसरल्यावर माझ्या वडिलांच्या पद्धतीप्रमाणे मी पटाशी घेतली आणि ओल्या रेषेवर दाराच्या चौकटीत तिसरी खूण कोरली, खाली वर्ष घातलं. बाकी गल्ली परतली तोवर भिंतींना वरपर्यंत ओल चढली होती, पाण्याची रेषा दुसऱ्या कुणाच्याच घरात उरली नव्हती. खूण बरोबर होती. तेव्हा ती अगदी बरोबर होती, एवढं माझ्यावर विश्वास ठेव.

उठून आलो परत. आता लिहूनच टाकतो.

पुढच्या वर्षी चौकट खालून कुजली. पटाशी लावली तर लाकूड भाकरीच्या चुऱ्यासारखं सुटत होतं. नवी चौकट करायला हवी होती. पण ती माझ्या वडिलांच्या हातची, जुनं जाड लाकूड, त्यावर त्यांनीच कोरलेल्या पहिल्या दोन खुणा. टाकवेना. मग मी सुताराने करावं तेच केलं. दोन्ही उभी लाकडं खालून कुजकी होती तेवढी कापली, एक हात, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत. राहिलेली चौकट खाली उतरवून उंबऱ्यावर बसवली, दार तेवढंच कापलं, आणि वर जी मोकळी जागा राहिली तिथे काचेचं तावदान बसवलं. काम झकास झालं. सगळी गल्ली बघायला आली, घरात काय उजेड आला म्हणाली. चौकट हातभर खाली आली म्हणजे तिच्यावरच्या खुणाही हातभर खाली आल्या, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. मला सांध्याची काळजी होती, खुणांची नव्हती. जावईबापू दारातून आत आले की त्यांच्या कपाळाला टेंगूळ का येतं, त्याचं कारण हे. तू त्यांच्या उंचीवर हसतेस, दोष दाराचा आहे.

माझ्या लक्षात आलं ते दोन वर्षांनी, नगरपालिकेचा मोजणीवाला टेप घेऊन आला तेव्हा. तो खुणेपर्यंत मोजून आकडा लिहीत होता आणि मी चहाचा कप धरून उभा होतो. तुझी आई आतून म्हणाली, अहो, पाणी कमरेच्या वर होतं, पाचवी पायरी बुडाली होती. तेवढ्यात मला उमगलं. एका क्षणात सगळं उमगलं. आणि मी त्या माणसासमोर हसून काय बोललो असेन? म्हणालो, ती उंचीने लहान आहे, तिला गुडघ्याएवढं पाणीही कमरेएवढं वाटतं. तो हसला. शेजारचे दोघे हसले. पुढे तो आकडा पत्र्याच्या पाटीवर रंगवून गल्लीच्या तोंडाशी लागला. तुझी आई स्वयंपाकघरात गेली आणि त्यानंतर पुराबद्दल बोलायची थांबली. गल्लीत मात्र तिचं नाव झालं, राईचा पर्वत करणारी बाई. तूसुद्धा चिडवायचीस तिला, आठवतं? मी अडवलं नाही.

का बोललो नाही, हे मी स्वतःला शंभरदा विचारलं. आधी लाज वाटली, की इतका नावाजलेला सुतार आणि असली गाढवासारखी चूक. मग पाटी लागली आणि लोक मला विचारायला यायला लागले, अण्णा, यंदा किती चढेल? मला ते आवडायचं, खारू. खोटं कशाला बोलू. नवीन बिऱ्हाड आलं की त्यांना आपल्या दारात आणून खुणा दाखवायच्या, हा माझा मान होता. तो सोडवला नाही. तुझी आई गेली तेव्हा वाटलं, आता कुणालाच माहीत नाही, विषय संपला. तो संपला नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात एकदा मी बोलायला तोंड उघडलं होतं, तर ती म्हणाली, राहू द्या. तिला कळलेलं होतं की काय, ते मला कधीच कळणार नाही.

आता कामाचं. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, टेप घे आणि जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत जमिनीपासून मोज. जिना तोच आहे, फरशी तीच आहे. जो आकडा येईल तो अर्जात लिही, कमी लिहिलास तर भरपाईच्या वेळी तेच तुझ्या अंगाशी येईल. घराचे फोटो आत्ताच काढून दादाला पाठवून ठेव, मशीनच्या नंबरासकट. वाचनालयाची पुस्तकं माळ्यावर ने, आजच. मास्तरीणबाईंचा पलंग जावईबापूंना सांगून परत वर चढवून घे, गुडघे दुखले तर दुखू देत. बेकरीवाल्याला मी काय सांगणार, त्याने तो चौथरा माझ्या शब्दावर बांधला.

दोनदा मी स्टेशनवर गेलो. एकदा तिकीटही काढलं. गाडी लागली, माणसं चढली, मी बाकावर बसून राहिलो आणि गाडी गेल्यावर घरी आलो. त्या सगळ्यांच्या तोंडावर उभं राहून हे बोलण्याची हिंमत माझ्यात नाही, एवढं माझं मला कळलंय. म्हणून हे पत्र. वर तुझं नाव घातलं असलं तरी ते एकट्या तुझ्यासाठी नाही. रविवारी सगळे जमले की उभी राहा आणि पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाच, तुझ्या आईबद्दल मी जे लिहिलंय ते तर जास्तच मोठ्याने. मध्ये कुणी हसलं तर हसू दे, कुणी शिव्या दिल्या तर त्याही ऐकून घे, त्या माझ्या आहेत. एकच मागतो. पत्र संपल्यावर मला पाठीशी घालू नकोस, अण्णांचं आता वय झालंय, असं म्हणू नकोस. त्या एका वाक्याने मी सुटेन, हे सगळं म्हाताऱ्याचा भ्रम ठरेल, आणि सगळी गल्ली घरी जाऊन जमिनीवर निवांत अंथरुणं घालेल.

तुझाच,
अण्णा