वरचे घर आणि पाण्याखालचा माणूस

मी, खाणीच्या फिरत्या पट्ट्यावर तांब्याचा दगड निवडण्यात हयात घालवलेली विधवा, पूर्ण शुद्धीत आहे. कोणी माझ्यावर दडपण आणलेले नाही. आणणारा अजून जन्मायचा आहे. माझ्यामागे भांडणे नकोत म्हणून हे लिहून ठेवते.

१. राहते घर मुलीला. याच घराची विहीर खणताना सासऱ्यांना हिरवट दगड लागला आणि त्यांनी तो कौतुकाने सर्वेक्षणवाल्यांना दाखवला. मग जमिनीला भोके पाडणारी यंत्रे आली, पाठोपाठ खाण आली. सुरुवातीला तांबे भरपूर निघाले, घरावर पक्के छत चढले. वरचा थर संपला तशी माणसे खोल उतरू लागली.

२. बचत मुलाला व मुलीला निम्मी निम्मी. शिलाई मशीन सुनेला. तिने ते कधी मागितले नाही, म्हणूनच.

३. नवऱ्याचे कपाट मुलाला. खाणीत छत कोसळले तेव्हा नवरा सर्वांत खालच्या थरात होता. दीर तेव्हा मुकादम. मी खाणीच्या तोंडाशी हवेच्या पाइपाला कान लावला. खालून ठोके येत होते. दिराला सांगितले, तर म्हणाला, "वहिनी, तो पाण्याचा आवाज आहे." खाली कोणी जिवंत नाही, अशा कागदावर त्याने सही केली. पंप बंद झाले, पाणी चढले. तांब्याचा भाव पडलेलाच होता. कंपनीने खाणीला टाळे ठोकले.

४. सदर दिराशी मी त्यानंतर बोलले नाही. खाणीच्या धुळीने त्याची छाती गेली, पोटच्या पोरांनी वाऱ्यावर सोडले, तेव्हा बाहेरच्या खोलीत ठेवून घेतले. ताट सरकवते, तोंड उघडत नाही. परवा तोच म्हणाला, "वहिनी, ठोके मीही ऐकले होते. खाली माणसं पाठवायची तर पहिलं मलाच उतरावं लागलं असतं." मी ताट उचलून आत गेले.

सबब, तो जिवंत असेतोवर ती खोली त्याची. मुलीने त्याला उपाशी ठेवू नये. माफी मात्र माझ्या मालमत्तेत नाही. माझ्या नावाने ती त्याला कोणी देऊ नये.

५. नवी कंपनी पाणी उपसून पुन्हा तांबे शोधणार आहे. मुलगा तिथेच लागला आहे. नको म्हणून सांगून थकले. त्याचा बाप सापडला, तर त्याला दगडांच्या डब्यातून वर काढू नये. माणसांची ने-आण करणाऱ्या पाळण्यातून आणावे, आणि सोबत मुलाने उभे राहावे.

लिहून देणार : सदर विधवा (सही)

आमच्यासमक्ष सही केली :
शेजारची शिंपीण (सही)
दवाखान्यातला कंपाउंडर (सही)

स्थळ : राहते घर, मागची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी २०११