इवारची उलटी रीत

धानोरा,
९ फेब्रुवारी २०२५

ती. रहीममामूंना आफ्रीनचा अदबीने सलाम वि. वि.

आधी पुस्तकबांधणीच्या खळीचे हात पुसा आणि मगच हे पत्र उघडा. बातमी मोठी आहे. फोनवर सांगितली नाही, कारण आपला नियम ठरलेला आहे: दुखणी, भाव, लग्नकार्यं फोनवर आणि इवार फक्त पत्रात. शिवाय फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनानं भरता.

तर नागपूरचे एक प्रकाशक ललिताबाई सोनुल्यांची ‘इवारचे पाहुणे’, म्हणजे इवार ग्रहावरची आपली कादंबरी, पस्तीस-छत्तीस वर्षांनी पुन्हा छापताहेत, आणि तिची प्रस्तावना लिहायला त्यांनी मला सांगितलं आहे. मला, म्हणजे धानोऱ्याच्या दवाखान्यात दिवसभर मलेरियाच्या काचा तपासणाऱ्या बाईला. माझा दिवाळी अंकातला इवारवरचा लेख त्यांनी वाचला होता. एक-दोन विधानं कळली नाहीत म्हणाले, पण लेखाचा जोर आवडला. ललिताबाई आता नाहीत आणि त्यांच्या चारही कादंबऱ्या तोंडपाठ असलेलं दुसरं कुणी त्यांना सापडलं नाही. मी आढेवेढे न घेता हो म्हणून टाकलं.

प्रस्तावनेचा कणा अर्थात आपली आवडती गोष्ट, इवारची उलटी रीत. पृथ्वीवरचा अभय यानाच्या शिडीशी येतो आणि म्हातारी ओमा त्याचे पाय धुते, रडते आणि आल्या आल्या त्याला निरोप देते: जा, आमच्या मनात काही उरलं नाही. आणि कादंबरीच्या अगदी शेवटी, तो शिडीवर उभा असताना, तीच ओमा म्हणते, आलास? बस. रडणं, माफी, कबुली सगळं आधी उरकायचं, म्हणजे पुढचे दिवस मोकळे. असे लोक दुसऱ्या कुठल्या ग्रहावर कुणी रचले नाहीत, हे मी ठासून लिहिणार आहे. दुसरा मुद्दा इवारींच्या अर्धवट सोडलेल्या वाक्यांचा. समोरच्यानं ती पुरी करावीत, हा त्यांचा आदर आहे.

मी नोकरीवर रुजू व्हायला निघाले तेव्हा मूलच्या बसस्थानकावर तुम्ही मला आलीस? बस, असं म्हणाला होतात आणि कंडक्टर तुमच्याकडे बघत राहिला होता. तेही लिहीन म्हणते. लोभ आहेच, तो वाढवायला जागा असेल तर वाढवावा.

तुमची,
आफ्रीन

---

मूल,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. आफ्रीनला मामूच्या अनेक दुवा.

पत्र दुकानात सगळ्यांना वाचून दाखवलं. सगळे म्हणजे सोमाजी आणि मी. सोमाजीनं बातमी ऐकून आधी जा बरं, असं म्हटलं, म्हणजे आपल्या रीतीनं तुझं स्वागत केलं. मग शेतकऱ्याची जुनी शंका काढली, की दोन-दोन सूर्य तापत असतील तर इवारच्या बांधीतलं पाणी धान लावायच्या आधीच आटत असन, मंग हे लोक खातेत काय, हे पोरीले लिहाले सांग. मी त्याला म्हटलं, ललिताबाईंनी एवढं जग उभं केलं, पाण्याचं तू बघून घे.

इवारच्या आपल्या दुसऱ्या भक्त, सुगंधाबाई, यांनी मात्र वेगळाच निरोप दिला आहे. त्यांच्या करिष्माच्या लग्नात त्यांनी हळदीच्या दिवशीच पोरीला जवळ घेऊन रडून घेतलं, चुकलंमाकलं बोलून घेतलं, आणि कुरखेड्याला वरात निघाली तेव्हा मायलेकी दोघी हसत होत्या. अख्खं गाव नाव ठेवत होतं. ते प्रस्तावनेत टाक म्हणतात. इवारची रीत झाडीपट्टीत चालते याचा तो पुरावा आहे.

माझं म्हणशील तर एकच भांडण अजून बाकी. इवारींत ज्याच्या चुलीला आपल्या चुलीतला विस्तव दिला तो भाऊ होतो, त्याच्याशी सोयरीक चालत नाही. मग ‘इवारचं मीठ’ या ललिताबाईंच्या दुसऱ्या कादंबरीत वैद्यीण शेजारच्याशी लग्न कसं करते? तू म्हणतेस तिनं विस्तव मागितला नव्हता, गारेवर, म्हणजे चकमकीच्या दगडावर, पेटवला होता. मला ते पान पुन्हा पाहायचं आहे, पण माझी प्रत वीस-एकवीस वर्षांपूर्वी दुकानातून नाहीशी झाली. माझा संशय सोमाजीवर आहे आणि त्याला तो माहीत आहे.

छाती फुगली आहे, बेटा. तुझ्या अम्मीनं हे पाहायला हवं होतं. जपून राहा आणि मामूला विसरू नकोस.

तुझा,
रहीममामू

---

धानोरा,
२ मार्च २०२५

ती. रहीममामूंना आफ्रीनचा सलाम वि. वि.

आज पहिला रोजा आणि मी सकाळपासून रागात आहे. अल्ला माफ करो.

प्रुफं आली. प्रकाशकांनी पुस्तकाचा पार चुथडा केला आहे. ओमाचं आलास? बस, अभय उतरल्याबरोबर येतं आणि रडून निरोप देणं थेट शेवटी टाकलं आहे. म्हणजे अस्सल इवारी काढून तिथं नेहमीचे चारचौघे बसवले. त्याहून कहर म्हणजे अर्धवट वाक्यं कुणीतरी बसून पुरी केली आहेत. ज्या वाक्यावर आपण वीस वर्षं वाद घातला, ‘तू परत आलास तर’, त्यालाही शेपूट जोडलं आहे. मी ते नीट वाचलंसुद्धा नाही.

मी चार पानी पत्र लिहिलं आणि कालच पाठवलं. जिला उत्तर देता येत नाही तिच्या पुस्तकात हात घालायला लाज वाटायला हवी होती, असं लिहिलं. क्रम बदलला नाही तर प्रस्तावना मिळणार नाही आणि का मिळाली नाही हे मी जाहीर लिहीन, असंही लिहिलं. त्यांच्याकडची मूळ प्रत खराब असावी, पण आमच्या मूलच्या वाचनालयातली प्रत १९८९ची, अस्सल आहे आणि माझ्या मामूंनी स्वतः बांधली आहे, हे शेवटी ठणकावून सांगितलं.

आता तुमचं काम. वाचनालयातून ती प्रत काढून एसटीच्या पार्सलनं मला पाठवा. ती त्यांच्या टेबलावर ठेवली की बोलणंच खुंटेल. छपाई महिनाअखेरीला आहे, तेव्हा आळस नको. सेहरीला उठल्यावर गोळी घ्यायची विसरू नका. प्रेम जसं आहे तसं राहू द्यावं.

तुमची,
आफ्रीन

---

मूल,
७ मार्च २०२५

चि. आफ्रीनला मामूच्या अनेक दुवा.

प्रत पाठवत नाही. पत्र पाठवतो. चारदा लिहून फाडलं, हे पाचवं.

प्रुफं बरोबर आहेत, बेटा. चूक आहे ती माझ्या बांधणीत.

ती प्रत माझ्याकडे २००४च्या जानेवारीत बांधायला आली तेव्हा तिला वाळवी लागली होती. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांनी बनतं, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. पानांचे आणि फर्म्यांचे आकडे खालच्या कडेला होते आणि ती कड सगळी खाल्लेली. ललिताबाईंनी प्रकरणांना आकडे दिले नव्हते, मध्ये नुसत्या चांदणीच्या खुणा. काही पानं तर भुगाच झाली होती, त्यामुळे फर्म्याच्या टोकाला वाक्य कुठंच जुळत नव्हतं. बाकीचे फर्मे मी वाचून-वाचून लावले. दोन मात्र उरले, एक ओमाच्या बस म्हणण्याचा आणि एक तिच्या निरोपाचा. दोन्हीत शिडी, दोन्हीत अभय उभा. कुठला आधी? अर्धी वाक्यं म्हणजे इवारींचा आदर वगैरे जे आपण पुढं शोधून काढलं, ती वाळवीची करामत आहे.

इथपर्यंत कुणाही बाइंडरची चूक म्हणता आली असती. पण मला शंका आली होती. चंद्रपूरला एकाकडे पुरी प्रत होती, दीड तासाचा रस्ता. मी गेलो नाही. सुई ओवलेली होती, निरोप आधी लावला आणि शिवून टाकलं.

का, तेही आज सांगतो. त्याआधीच्या ईदला तुझी अम्मी, सुलताना, तुला घेऊन आली होती. चाळिशी उलटलेला माणूस परग्रहाच्या गोष्टी वाचतो म्हणून ती मला हसली. मी चिडलो, नको ते बोललो, आणि तिला बसवर सोडायला गेलो नाही. तीन आठवड्यांनी ती ताप येऊन गेली. महिन्याभरानं हे दोन फर्मे माझ्या हातात होते. आल्याबरोबर निरोप घेऊन मोकळे होणारे लोक कुठंतरी असावेत, असं मला फार वाटलं. म्हणून मी ते तसे लावले. नंतर इतकी वर्षं तुम्ही सगळे त्या रीतीवर जीव टाकत राहिलात आणि माझं तोंड उघडलं नाही.

प्रकाशकांना सगळा दोष माझा आहे असं लिही, नावासकट. तुझा हा लेख आणि प्रस्तावना माझ्यामुळे पाण्यात गेली, याची मला लाज वाटते. राग शमला की लिही. नाही शमला तरी लिही.

तुझा,
रहीममामू

---

धानोरा,
२१ मार्च २०२५

ती. रहीममामूंना आफ्रीनचा सलाम वि. वि.

राग आला होता. चांगला आठवडाभर होता. लेखासाठी नव्हे, मी ज्यांची लाज काढून चार पानं लिहिली त्यांचीच दोन ओळींत माफी मागावी लागली म्हणून. ते भले निघाले. ‘तुमचा लेख आता कुठं कळला’, असं मला म्हणाले, आणि प्रस्तावना मागं घ्यायची असेल तर आपली ना नाही, म्हणाले.

मी मागं घेत नाही. गेल्या रविवारी पुस्तक पहिल्यांदाच नीट क्रमानं वाचलं. सुरुवातीला वाईट वाटलं. ललिताबाईंचे इवारी आलेल्याला बस म्हणतात आणि जाणाऱ्यासाठी रडतात, म्हणजे निघाले आपल्यासारखेच. मग ते वाक्य आलं आणि या वेळी मी पुरं वाचलं: तू परत आलास तर तुझी चूल वेगळी मांडू नकोस. मामू, आपण वीस वर्षांत त्या अर्ध्या वाक्याची निदान पंधरा शेपटं काढली होती, पण एकही याच्या जवळ जाणारं नव्हतं. बाई आपल्यापेक्षा मोठ्या होत्या, हे कबूल करते.

प्रस्तावना नव्यानं लिहिली आणि पाठवून दिली, एक प्रत तुम्हालाही सोबत. त्यात सगळं आहे: वाळवी, दोन फर्मे, शिडी, मूलचं दुकान, आणि एका गावानं ही कादंबरी एकवीस वर्षं उलटी वाचून तीतून काय मिळवलं ते. तुमचं नाव आहे. बाइंडर म्हणून नव्हे, वाचक म्हणून. क्रम त्यांचा, रीत आपली, दोन्ही लिहिलं आहे आणि प्रकाशकांनी एक अक्षरही बदललं नाही. सोमाजीभाऊ आणि सुगंधाबाईंना मात्र तुम्हीच सांगायचं. त्यातून सुटका नाही.

आता माझी कबुली. सोबतचं पार्सल उघडा. ‘इवारचं मीठ’ची तुमची हरवलेली प्रत आहे. ती सोमाजीभाऊंनी नेली नव्हती, अम्मीनं नेली होती. त्या ईदला निघताना तुमच्या टेबलावरून उचलून पिशवीत घातली. मी नऊ वर्षांची होते, बसमध्ये तिच्या शेजारी खिडकीशी बसले होते. ती रुसली वगैरे काही नव्हती. हसतच होती. तुझा मामू आता पुढच्या ईदपर्यंत तोंड फुगवून बसेल, त्याला सांगू नकोस, वाचून झालं की मीच नेऊन देते, असं म्हणाली आणि चंद्रपूर येईपर्यंत वाचत राहिली. सांगू नकोस म्हणाली होती म्हणून मी सांगितलं नाही, आणि पुढं चोरीचा माल म्हणून सांगायची हिंमत झाली नाही. ती भांडून गेली असं तुमच्या मनात होतं, हे मला ठाऊक असतं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. एक्केचाळिसाव्या पानाचा कोपरा तिनंच दुमडला आहे. वैद्यिणीचा विस्तव तिथंच आहे, तोही पाहून घ्या.

ईदला सुट्टी नाही, मे महिन्यात येते. मायेत कसर नको.

तुमची,
आफ्रीन

---

मूल,
२ एप्रिल २०२५

तुझा रहीममामू.

लोभ असू दे, आणि लवकर ये.

ईदला सोमाजी आणि सुगंधाबाई शिरखुर्म्याला आले तेव्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. सोमाजीनं वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, रहीमभाऊ, म्हंजे इतके वर्स मी पाहुण्याले आल्याबरोबर जा म्हणून राह्यलो, अन् लोक मले येडा समजून राह्यले, ते बरोबरच होते म्हणा की. सुगंधाबाईंनी मात्र दोघांनाही झापलं. पुस्तक चुकलं आसन, आमी नाई चुकलो, म्हणाल्या. आधी रडून घेतलं म्हणून माही पोरगी हासत गेली. आता काय तिले कुरखेड्याहून वापस आणून पुन्हा रडू? यावर काय म्हणायचं ते तूच कळव.

सोमाजीची मी एकवीस वर्षांच्या खोट्या आळाबद्दल माफी मागितली. तो म्हणाला की चोरी केलीच नाही तर निदान आता वाचायला तरी दे. मे महिन्यापर्यंत थांब म्हटलं. वैद्यिणीनं विस्तव गारेवरच पेटवला होता, तुझं बरोबर आहे. हे पहिलं भांडण मी हरतोय, लिहून ठेव.

प्रस्तावनेतलं माझं नाव वाचलं. दोनदा वाचलं. वाचनालयातली ती प्रत उसवून नीट बांधावी का, असं एक दिवस मनात आलं, पण सुगंधाबाईंचं ऐकल्यावर सुई ठेवून दिली. नवं पुस्तक आलं की दोन्ही शेजारी ठेवायला वाचनालयवाल्यांना सांगितलं आहे.

पार्सल मी दुकानात एकटा असताना उघडलं. दुमडलेलं पान दिसलं की बाइंडरचा हात आपोआप सरळ करायला जातो. माझाही गेला, मग थांबला. ते पान आहे तसं ठेवलं आहे. तिनं टेबलावर जिथून उचललं होतं तिथंच पुस्तक पुन्हा ठेवलं आणि कुणी ऐकणारं नव्हतं म्हणून मोठ्यानं म्हणालो, आलीस? बस.

चि. आफ्रीनला मामूच्या अनेक दुवा.