सात सेंटिमीटर

११ जानेवारी

बाबाही हसले!

बाकीचे हसले ते समजू शकतो. चारशे मुलं हसली, शिक्षक हसले, माइक लावायला आलेला माणूस हसला. पण बाबा! पहिल्या रांगेत, गणिताचे सर म्हणून ऐटीत बसलेले, पोटावर हात ठेवून – हसले!

झालं ते असं. वार्षिक कार्यक्रमाचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. बावीस जणांची चाचणी घेऊन मला निवडलेलं, बाबांच्या वशिल्याने नाही. मी स्टेजवर गेलो, भाषणासाठी ठेवलेल्या त्या उंच लाकडी टेबलामागे उभा राहिलो आणि – गायब. समोरच्यांना म्हणे नुसते केस दिसत होते. मी "नमस्कार" म्हणायच्या आत खेळाचे सर माइकवर ओरडले, "अरे, तुकड्याला स्टूल द्या कोणीतरी!"

तुकडा म्हणजे मी. बाबांना सगळी शाळा पाठीमागे खडू म्हणते. खडूचा मुलगा तुकडा. केवढी ती कल्पकता! पाचवीपासून ऐकतोय, आता अकरावीत आहे, अजून कोणाला नवीन काही सुचलेलं नाही.

स्टूल आलं. मी चढलो. टाळ्या पडल्या. स्टुलावर चढलो म्हणून टाळ्या! नंतरचा दीड तास एक शब्द न अडखळता बोललो, त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली असं म्हणतात. माझी जरा लवकरच पोचते.

१२ जानेवारी

शाळेच्या ग्रुपवर फोटो आला. स्टुलासकट. एकशे सहा जणांनी बदाम टाकले. त्यातला एक बाबांचा.

१५ जानेवारी

पुन्हा मोजलं. दाराच्या चौकटीला पाठ लावून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून, टाचा टेकवून – एकशे एक्कावन्न. पंधराव्या वर्षी एकशे एक्कावन्न. सोळाव्या वर्षी तेच. आता सतरा झाली, तरी हाडं जागची हलायला तयार नाहीत. बाबा एकशे चौपन्न. म्हणजे मी त्यांच्यापेक्षाही कमी! वारशात जे मिळायचं त्यातूनही कापून घेतलं!

दूध पिऊन झालं. दोरीच्या उड्या मारून झाल्या. बागेतल्या दांडीला इतका लोंबकळलो की हाताला घट्टे पडले. हात लांब झाले असतील कदाचित.

आई म्हणते, "मुलं विसाव्यापर्यंत वाढतात रे." आई औषधांच्या दुकानात काम करते. उंची वाढवायच्या पावडरीचे डबे काउंटरवर तिच्याच हाताने मांडलेले असतात. मी एकदा मागितला तर म्हणाली, "त्यात काही नसतं, सगळी फसवणूक." मग विकता कशाला!

१९ जानेवारी

असं करता येतं! खरंच येतं!

पायाचं हाड कापतात. कापून थोडे दिवस तसंच ठेवतात, मग दोन्ही तुकडे रोज एक मिलिमीटर एकमेकांपासून लांब सरकवत नेतात. मधल्या फटीत नवं हाड तयार होतं. आपोआप! शरीराला वाटतं हाड मोडलंय, ते भरून काढत राहतं. सहा-सात सेंटिमीटरपर्यंत. एकशे एक्कावन्न अधिक सात – एकशे अठ्ठावन्न. कोणी उंच म्हणणार नाही, पण स्टूल तरी लागणार नाही.

चार वेळा वाचलं. दुखतं तेही वाचलं. ते मधलं मधलं गाळत वाचलं, पण वाचलं.

२० जानेवारी

जेवताना सांगितलं. आईच्या हातातला डाव तसाच राहिला. "हाडं कापून घेणार? धडधाकट पाय? विकतचं दुखणं हे!"

बाबा म्हणाले, "मग माझी पॅन्ट तुला आखूड व्हायची."

विनोद! मी माझे पाय कापायची गोष्ट करतोय आणि या माणसाला विनोद सुचतो! ताटावरून उठलो.

२ फेब्रुवारी

एकटी आत्या माणसासारखी वागली. आत्या बाबांची थोरली बहीण, मोठ्या इस्पितळात नर्स आहे आणि एकशे शेहेचाळीस आहे. सलाइनची बाटली लावायला तिला अजून दुसऱ्या कोणाला हाक मारावी लागते. ती आईला म्हणाली, "नुसतं विचारून यायला काय जातंय? मनात ठेवून कुढण्यापेक्षा डॉक्टरच्या तोंडून ऐकू दे त्याला." आणि मला म्हणाली, "मी हो म्हटलेलं नाही, लक्षात ठेव. मी फक्त सोबत येतेय."

चालेल. सोबत तर सोबत.

८ फेब्रुवारी

आज गेलो. सगळं लिहायचंय, नाहीतर डोकं फुटेल.

दवाखान्याच्या काचेच्या दारावर मोठ्या अक्षरांत – "उंची वाढवा, आत्मविश्वास वाढवा." आत गेल्यावर डॉक्टर काय विचारतात? "तुझी उंची कमी आहे असं तुला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "तुमच्या दारानेच सांगितलं."

आत्याने टेबलाखालून चिमटा काढला. डॉक्टर मात्र हसले नाहीत. एवढ्या दिवसांत न हसलेला पहिला माणूस. म्हणाले, "ती पाटी माझी नाही, जागेच्या मालकांची. पण तुझं बरोबर आहे."

मग हाताचा एक्स-रे. पाय वाढवायचे आणि फोटो हाताचा! पण मनगटाजवळच्या हाडांवरून कळतं म्हणे वाढ शिल्लक आहे की संपली. माझी संपली. डॉक्टरांनी पेनाचं टोक ठेवून दाखवलं, "ही रेघ बंद झालीय बघ." एवढीशी रेघ. दुकान बंद.

मग त्यांनी एकेक सांगितलं. कापणं, ओढणं, महिनोन्‌महिने व्यायाम, धड चालायला जवळजवळ वर्ष. जंतू शिरू शकतात. नस दुखावली तर पाऊल उचलता येत नाही. धावणं पूर्वीसारखं होईलच असं नाही. मी म्हटलं, "कधी करायचं?"

"अठरा पूर्ण झाल्याशिवाय नाहीच. त्याआधी मानसोपचारवाल्यांशी बोलायचं. आणि आई-वडील दोघांनी माझ्यासमोर बसून हो म्हणायचं. अठरानंतर कायद्याने त्यांची गरज नाही. माझ्याकडे आहे. वर्षभर तुला उचलणार कोण? मी?"

म्हणजे पुन्हा बाबा! माझे पाय, माझं हाड, आणि हो म्हणणार कोण – तर खडू!

बाहेर चाकाच्या खुर्चीत एक जण होता. सव्वीस वर्षांचा, विमा कंपनीत आहे. दोन्ही नडग्यांभोवती लोखंडी कडी, त्यांतून सळया थेट मांसात गेलेल्या. एक्केचाळिसावा दिवस त्याचा. मी टक लावून बघत होतो, तर म्हणाला, "ये, जवळून बघ. लाजतोस काय!"

"दुखतं?"

"हाडाचं काही नाही रे. बाकी सगळं दुखतं. हाड वाढतं, पण स्नायू म्हणतात, आम्हाला कुठे कोणी विचारलं होतं?"

"मग का केलंत?"

"ऑफिसात लोक माझ्याशी बोलताना माझ्या डोक्यावरून पलीकडे बघायचे. माझ्यामागे कोणी उभं असल्यासारखे."

हे मला दुसऱ्या कोणालाही समजावून सांगावं लागलं असतं. त्याला नाही लागलं. मी विचारलं, आता पस्तावा होतो का? म्हणाला, "चालायला लागलो की विचार. आज काहीही सांगितलं तरी खोटंच होईल."

त्याची आई शेजारी बसून, सळई जिथे कातडीत जाते तिथे कापसाने पुसत होती. एकेक सळई. दोन्ही पायांच्या मिळून वीस तरी असतील. शेवटची झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाली, "या कड्यांचे नट रोज चार वेळा पान्याने फिरवावे लागतात. मीच फिरवते."



९ फेब्रुवारी

सांगूनच टाकलं सगळं. बाबा उत्तरपत्रिका तपासत बसले होते. मी म्हटलं, दवाखान्यात येऊन तुम्हाला हो म्हणावं लागेल. त्यांनी लाल पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, "नाही."

विनोद नाही, काही नाही. नुसतं नाही.

मग माझा तोल गेला. म्हटलं, तुम्ही हसलात! सगळ्यांच्या आधी हसलात! लोक खडू म्हणतात तरी हसता, लग्नाच्या फोटोत तुम्हाला पुढे ओढून बसवतात तरी हसता, तुम्हाला कशाचं काही वाटत नाही म्हणून मलाही वाटू नये? तुमचंच हाड दिलंत मला आणि वर बदाम टाकता!

आई दारात येऊन उभी राहिली.

बाबा बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. मग म्हणाले, "हसण्याशिवाय दुसरं काय करायचं असतं, ते मला कधी कळलंच नाही रे."

हे काय उत्तर झालं! अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाचं! पाच-पाच मार्कांचे प्रश्न काढतात दुसऱ्यांसाठी!

१० फेब्रुवारी

बोलणं बंद.

११ फेब्रुवारी

बंद.

१३ फेब्रुवारी

आज वर्गात भलतंच झालं.

बाबा फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहितात. वरचा अर्धा वर्षानुवर्षं कोरा. मागून कोणीतरी "सर, खालचं दिसत नाही!" म्हणतं आणि बाबा म्हणतात, "वरचा मजला भाड्याने दिलाय." दर वर्षी. दर वर्गात. वर्ग खिदळतो, बाबा खिदळतात, मी वहीत तोंड घालतो.

आज मागच्या बाकावरचा लंब्या तेच म्हणाला. बाबांनी स्वतःची खुर्ची ओढली, चपला काढल्या, चढले आणि वरच्या अर्ध्यात लिहायला लागले. वर्ग ओरडायला लागला. शिट्ट्या! ते लिहीत राहिले. अक्षर वाकडं येत होतं, हाताला सवय नाही. अख्खं गणित वर सोडवलं, उतरले, चपला घातल्या. एकदाही हसले नाहीत.

हळूहळू वर्ग गप्प झाला. त्या शांततेत मला इतकं कसंतरी झालं! लंब्याचा राग आला. मग बाबांचा आला – कोणी सांगितलं होतं चढायला? मला दाखवायला केलं का हे? मी तुमच्याकडे मागितलं काय आणि तुम्ही देताय काय!

गणित उतरवून घ्यायचं राहिलंच.

१४ फेब्रुवारी

आईने आज मला दुकानात बोलावलं, म्हणाली मदतीला ये. मदत काही नव्हती. खोकी उघडता उघडता म्हणाली, "लग्न ठरताना माझ्या मामाने विचारलं होतं, मुलगा बसलाय की उभा? सगळ्यांसमोर. तुझे बाबा उभे होते."

"मग?"

"मग काय. हसले ते. मामा खजील झाला. मला वाटलं, या माणसाला काही लागतच नाही, बरं आहे, सुखाचा संसार होईल." खोकं मिटवून म्हणाली, "मलाही तसंच वाटत होतं, तुझ्यासारखंच. परवापरवापर्यंत."

मला आता सगळ्यांनी मिळून वाईट वाटायला लावायचं ठरवलेलं दिसतंय. मुद्दा माझ्या पायांचा आहे! माझ्या! यात बाबा कुठून आले? जिथे तिथे बाबाच!

१७ फेब्रुवारी

दवाखान्याचा फॉर्म भरला. अठरा व्हायला आठ महिने आहेत, तरी भरून ठेवला. "शस्त्रक्रिया का करावीशी वाटते" यासाठी दोन ओळींची जागा. दोन ओळी! मी पानाच्या मागेही लिहिलं, मग समासात. "किती वाढवायची" – सात. आई-वडिलांच्या सहीच्या दोन जागा कोऱ्या.

फॉर्म बाबांच्या टेबलावर, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर ठेवून दिला. बोलणं बंद आहे, पण वाचता तर येतं ना त्यांना.

१८ फेब्रुवारी

फॉर्म जागच्या जागी. सही नाही. पण मागची बाजू वर केलेली आहे.

२१ फेब्रुवारी

सकाळी बाबा आंघोळीला गेले होते. त्यांचा फोन वाजला. दवाखान्याचा नंबर दिसला म्हणून मी उचलला. तिथली नोंदणीची बाई होती. माझा आवाज अगदी बाबांसारखा आहे, तिने कोण म्हणून विचारलंच नाही.

"सर, परवा येऊन तुम्ही विचारलं होतंत ना, मुलाच्या आधी तुमचे पाय करता येतील का? डॉक्टर नाही म्हणतायत. या वयात हाड भरायला फार वेळ लागतो आणि तुम्हाला शुगर आहे. 'किती दुखतं ते आधी मी सोसून बघतो, मग त्याला हो म्हणतो' असं तुम्ही म्हणालात, पण तसं नाही करता येत, म्हणाले."



"सर, ऐकताय ना? आणि तुम्ही स्वतःसाठी भरलेल्या फॉर्मवर 'किती वाढवायची' तिथे एक सेंटिमीटर लिहिलंय. एकच. चुकून पडलंय का?"

"नाही," मी बाबांच्या आवाजात म्हटलं. "बरोबर आहे ते."